डाव्या कोपऱ्यातला लहू

सोहारच्या औद्योगिक वसाहतीत लहू भगत कोण, असं विचारलंत तर लोक खांदे उडवतील. कोलंबीवाला लहू म्हणा, की लगेच चेहरे खुलतात. कुणीतरी खिशातून फोन काढतो, "थांबा, दाखवतो" म्हणतो, आणि ती क्लिप लावतो. क्लिप कसली, नुसता धुरळा. चित्र हलतंय, माइकमध्ये वारा घोंघावतोय, आणि मधोमध बनियन-चड्डीतला, गुडघ्यापर्यंत मातीने माखलेला एक माणूस गळ्याच्या शिरा ताणून ओरडतोय, "अरे, खेळायला आलात की कोलंबी सोलायला?"

झालं, एवढीच क्लिप. पण या एका वाक्यावर ओमानमधला मराठी माणूस गेली पंधरा-सोळा वर्षं हसतो आहे. त्याचे व्हॉट्सअ‍ॅपवर स्टिकर झालेत. मस्कतमध्ये मीटिंग लांबली की कुणीतरी तो स्टिकर टाकतो. सीबच्या बायकांच्या ग्रुपवर हळदीकुंकवाचा बेत रेंगाळला, की तिथेही तोच. एका क्रिकेटच्या टीमने तर टी-शर्टवर छापून घेतलं. लहूला कुणी विचारलं नाही. एक टी-शर्ट मात्र आणून दिला, तोही दोन साइज मोठा.

आता लहूची जीभ तिखट होती, हे काही खोटं नाही. तो रोह्याकडचा. तिकडची माणसं साधा नमस्कारही भांडल्यासारखा घालतात. वेल्डर म्हणून आला तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्याने मेसच्या आचाऱ्याला सर्वांदेखत सांगितलं, की ही डाळ नव्हे, हात धुतलेलं पाणी आहे. पुढे फोरमन झाला तरी तोच खाक्या. एकदा खुद्द अर्बाब, म्हणजे कंपनीचे ओमानी मालक, पाहुण्यांना घेऊन कारखाना दाखवत होते. एका जोडाकडे बोट दाखवून कौतुकाने म्हणाले, "लहू, गुड वर्क." लहू म्हणाला, "अर्बाब, ये हमारा नहीं है. हमारा उधर है. ये वाला टूटेगा." पाहुणे हसले, अर्बाबही हसले. मॅनेजर हसला नाही. अशा माणसाला लोक जपून भेटतात आणि पाठीमागे त्याच्या गोष्टी सांगतात. लहूला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं.

वाईट वाटायला लागलं ते आत्ता, जायची वेळ आली तेव्हा. व्हिसा रद्द व्हायचे सोपस्कार झाले होते, पुढच्या आठवड्याचं तिकीट आलं होतं, खलास. आणि एवढी वर्षं जिथे काढली तिथे मागे काय राहिलं, तर एक कोलंबी! तो बारा वर्षं कबड्डी खेळला होता. कंपनीच्या संघाचा डावा कोपरा म्हणजे लहू भगत, हे तेव्हा सोहारपासून सीबपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. चढाईला येणारे त्याच्या बाजूला पाय टाकायला कचरत. पण ते बघणारे एकेक करून गावी गेले, कुणी कॅनडाला गेले, आणि राहिली ती क्लिप. लहूला मनापासून वाटत होतं, की जाण्याआधी एका तरी माणसाने आपल्याला सांगावं, लहू, तू खेळायचास चांगला. बास. एवढंच हवं होतं त्याला.

म्हणून प्रशांतचा फोन आला तेव्हा लहूला काय करू नि काय नको असं झालं. प्रशांत सीबला राहणारा इंजिनिअर, यंदाच्या मराठी कबड्डी स्पर्धेचा प्रमुख. "लहूकाका, शुक्रवारी फायनलच्या आधी तुमचा सत्कार ठेवलाय. यायचंच हं!"

लहूने लगेच गावी बायकोला फोन लावला. "शैला, सत्कार आहे माझा. कबड्डीवाल्यांनी ठेवलाय."

"बरं," शैला म्हणाली. "जास्त बोलू नका म्हणजे झालं. इथेही बारशाला गेले तर पोरं मला कोलंबी काकू म्हणतात."

शैलाचाही इलाज नव्हता. तिने त्याला खेळताना कधी पाहिलंच नव्हतं. लग्न झालं आणि दोन महिन्यांत तो ओमानला आला. त्याचं खेळणं म्हणजे तिच्या लेखी सुट्टीवर येताना आणलेल्या मलमाच्या बाटल्या.

शुक्रवारी दुपारी लहू दाढी करून, पांढरा शर्ट इस्त्री करून मैदानावर गेला. हिवाळ्याचं ऊन छान होतं. मैदान बघून मात्र तो जरा बावरला. मधोमध निळी-पिवळी मॅट अंथरलेली, चारी बाजूंना दिव्यांचे खांब, खुर्च्या, स्पीकर. त्याच्या वेळी इथे माती असायची. आदल्या दिवशी दगड वेचायचे, पहाटे टँकरने पाणी मारायचं, ती थोडी वाळली की अनवाणी पायांनी तुडवून घट्ट करायची आणि चुन्याने रेघा ओढायच्या. अर्धा खेळ तर मैदान करतानाच अंगात यायचा. संध्याकाळपर्यंत ती माती कानात, नाकात, दातांत जायची. कामगारांच्या कॅम्पवर अंघोळ केली की मोरीत गाळ साचायचा आणि त्यावरून भांडणं व्हायची.

खाण्याच्या स्टॉलवर मोठी पाटी होती, 'लहूकाका स्पेशल कोलंबी भात'. लहू ती वाचत उभा राहिला, तेवढ्यात प्रशांत आपल्या मुलीला घेऊन आला. ज्ञानदा तिचं नाव, सातवी-आठवीतली असेल.

"अंकल, you are so funny," ती म्हणाली. मग बापाने डोळे वटारले म्हणून मराठीत सुरू झाली, "तुम्ही आधी... कॉमेडी करायचा ना?"

"कबड्डी," लहू म्हणाला.

"ओह," ज्ञानदा म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं. तिचा काय दोष?

प्रशांतने त्याला बाजूला घेतलं. "काका, प्लॅन सांगतो. शाल, श्रीफळ, मग माइक तुमच्या हातात. भाषण वगैरे नको, पब्लिक कंटाळतं. फक्त ते वाक्य. तुम्ही बोललात रे बोललात, की आम्ही म्युझिक टाकणार. एकदम धमाल!"

"आणि खेळाचं?"

"खेळाचं काय, काका?" प्रशांतने भाबडेपणाने विचारलं. पोरगा वाईट नव्हता. ते सगळं घडलं तेव्हा तो कॉलेजात होता, औरंगाबादला.

काय घडलं होतं ते तिथल्या मोजक्या लोकांना माहीत होतं. त्यांतला एक स्टेजवर पहिल्या खुर्चीत बसला होता. चंद्रहास, कंपनीच्या जुन्या संघाचा कॅप्टन, आता मराठी मंडळाचा अध्यक्ष. लहूला बघून त्याने हात केला आणि लगेच फोनमध्ये डोकं घातलं.

तो दिवस लहूला लख्ख आठवत होता. सकाळी सेमीफायनल होती, खाबुऱ्याच्या संघाशी. त्यांच्यात मुनीर नावाचा एक पाकिस्तानी पंजाबी होता. गावाकडे तो गोल रिंगणातली कबड्डी खेळलेला, आपली सात जणांची कबड्डी इथे येऊन शिकला. चांगला उंचापुरा गडी. टँकर चालवायचा आणि मैदानाला पाणीही तोच मारायचा. शेवटच्या चढाईला तो आत शिरला, लहूच्या अंगावर हात मारला आणि वळला. लहूने तसंच झेपावून त्याचा घोटा धरला. मुनीरने त्याला सरपटत नेलं. मध्यरेषा वीतभर राहिली, पण घोटा सुटला नाही आणि मुनीरचा दम गेला. सगळं मैदान आत घुसलं. लहूला खांद्यावर घेतलं होतं तेव्हा, होय, खांद्यावर!

संध्याकाळी फायनल. समोर स्पर्धेचा खर्च करणाऱ्यांचा संघ. त्यांच्याकडून आपल्या कंपनीला मोठं काम मिळायचं होतं. मॅनेजरने चंद्रहासला बाजूला बोलावून सांगितलं, की त्यांचे साहेब स्वतः आलेत, जरा बघून घे. चंद्रहासने बघून घेतलं. लहूला कुणी काही सांगितलं नाही, त्याला सांगायची कुणाची छातीच नव्हती. पण खेळणाऱ्याला काय कळत नाही? पकडीतले हात सुटत होते, ते निसटले म्हणून नव्हे, सोडले म्हणून. आपले चढाईवाले समोरच्यांच्या मिठीत जाऊन उभे राहत होते. मध्यंतर झालं तसा लहू तरातरा गेला, समालोचकाच्या हातातून माइक हिसकावला आणि स्वतःच्या संघाकडे बघून ओरडला. रोह्याच्या बाजारात कोळणींच्या शेजारी बसून वाढलेला माणूस तो, तोंडाला तेच आलं.

लोक हसले. सामना तर हरलेच. समोरच्या संघाचे साहेब रागावून निघून गेले, पुढे सहा-सात वर्षं स्पर्धाच झाली नाही. लहूला कायमची रात्रपाळी लागली आणि संघातून त्याचं नाव गेलं. तो पुन्हा कधी खेळला नाही. त्याचा शेवटचा सामना तो, आणि लोकांना त्यातलं एक वाक्य तेवढं आठवतं, तेही विनोद म्हणून.

शाल आली, श्रीफळ आलं. चंद्रहासने शाल घातली ती लहूच्या डोळ्यांत न बघता. मग माइक हातात आला आणि खुर्च्यांमधून ओरडा सुरू झाला, "कोलंबी! कोलंबी!" पोरांनी फोन वर धरले. प्रशांत स्पीकरजवळ बोट रोखून तयार.

लहूने माइक तोंडाजवळ नेला. ते वाक्य जिभेवर होतं, एकदा म्हणून टाकलं असतं तर सुटला असता. पण ते ज्या रागातून आलं होतं तो राग आज नव्हता, आणि रागाशिवाय ते वाक्य नुसतं म्हणायचं त्याला जमेना.

"मी," तो म्हणाला, "डावा कोपरा खेळायचो."

लोक थांबले. पुढे विनोद येणार म्हणून दोघं-तिघं आधीच हसले. लहूने वाट पाहिली. कुणी तरी "हो, हो" म्हणेल असं त्याला वाटलं असावं. मग त्याने माइक प्रशांतच्या हातात दिला आणि पायऱ्या उतरून सरळ चालायला लागला. मागे स्पीकरवर चुकून म्युझिक सुरू झालं आणि बंद झालं. आयुष्यभर ज्याच्या तोंडाला फाटक नव्हतं, त्याला आज पुढचे चार शब्द सापडले नाहीत. चालता चालता त्याचे डोळे भरले होते, आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून तो गाड्यांच्या बाजूला वळला.

पार्किंगशेजारी रिकामी जमीन होती. धूळ उडू नये म्हणून तिथे पाणी मारलेलं होतं. पाणी मारणारा टँकर बाजूला उभा होता आणि त्याच्या पायरीवर एक पिकल्या दाढीचा माणूस चहा पीत बसला होता.

"लहू भाई?"

लहूने ओळखलं नाही. तो माणूस उठला, चहा खाली ठेवला, सलवार वर केली आणि उजवा पाय पुढे काढला. "इसको तो पहचानो. इसी को पकड़ा था तुमने."

"मुनीर!"

दोघांनी मिठी मारली. मुनीर बोलतच सुटला. सगळ्या दुनियेला सांगतो मी, म्हणाला. मुलगे विचारतात, अब्बा, तुम्हाला कुणी रोखलं होतं का, तर मी म्हणतो, एक था, लेफ्ट कॉर्नर में, छोटा सा आदमी, जैसे दरवाज़े में पाँव आ गया हो. लाइन इतनी दूर थी. त्याने वीत करून दाखवली. बरोबर तेवढीच वीत.

"और शाम का?" लहूने विचारलं. "मेरा माइक पे बोला हुआ?"

"हाँ, कुछ बोले थे तुम. सब हँसे थे." मुनीरने हात झटकला. "मराठी में था, मुझे क्या समझता? मैं तो तुम्हारा हाथ देख रहा था. सुबह का ख़ून लगा था उसपे, धोया नहीं था."

सगळ्या ओमानला त्याचे शब्द समजले होते. त्याचा खेळ लक्षात राहिला तो शब्द न कळलेल्या या एका माणसाच्या. तो हसला, आणि त्याच हसण्यात डोळेही पुसले.

मग कुणी सुचवलं कोण जाणे, पण लहूने नारळ टँकरच्या पायरीवर ठेवला, त्यावर शालीची घडी ठेवली आणि चपला काढल्या. मुनीरने टाचेने ओल्या मातीत रेघ ओढली. दोघांचं वय बघता हा शुद्ध वेडेपणा होता. लहूचा उजवा गुडघा कामावर दुखावलेला, जिना उतरतानाही तो कठडा धरायचा. पण डाव्या कोपऱ्यात जाऊन तो वाकला, हात पुढे घेतले, आणि कमरेने ते बसणं बरोबर आठवून काढलं.

मुनीरने रेघेला हात लावून कपाळाला लावला आणि "कबड्डी, कबड्डी" करत आत आला. गाडीत बसायला निघालेलं एक कुटुंब थांबलं. कुणीतरी स्टेजकडे धावलं. बघता बघता खुर्च्या रिकाम्या झाल्या आणि सगळे चिखलाभोवती गोळा झाले. प्रशांत आला, ज्ञानदा आली, मागून चंद्रहासही आला.

मुनीरने लहूच्या खांद्याला हात लावला आणि वळताना पाय मागे ठेवला. लहू झेपावला. घोटा हातात आला! मुनीर तिथेच खाली बसला, दम सोडला आणि हसत स्वतःचा हात वर केला. बाद. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

पण लहू उठला तो लालबुंद होऊन. घोटा धरल्यावर त्यात जोर असतो, तो ओढ घेतो, हिसके देतो. हा घोटा तसाच पडून राहिला होता. लहूची बोटं काही कोलंबी सोलून मोठी झाली नव्हती, त्यांना दिलेली पकड आणि घेतलेली पकड यांतला फरक कळत होता.

"मुनीर!" तो गळ्याच्या शिरा ताणून ओरडला. "अरे, खेळायला आलास की कोलंबी सोलायला?"

पोरं खिदळली. एकाने शिट्टीही मारली. पण लहूचा चेहरा बघून ती शिट्टी अर्ध्यातच राहिली. क्लिपमध्ये धुरळ्यामुळे हा चेहरा कधी नीट दिसला नव्हता. हा माणूस विनोद करत नव्हता. त्याला फुकटचा पॉइंट दिला गेला होता आणि तो त्याला सहन होत नव्हता. चंद्रहासने मान खाली घातली. हे वाक्य पहिल्यांदा कुणासाठी होतं, ते त्याला माहीत होतं.

"क्या बोले?" मुनीरने विचारलं.

"बोला, मुझे दे मत. खेल."

मुनीरचं हसू मावळलं. त्याने सलवार आणखी वर खोचली आणि रेघेपाशी गेला. पुन्हा हात कपाळाला. या वेळी तो आला तो वाकून, डोळे लहूच्या हातांवर ठेवून. एकदा हूल दिली, दुसऱ्यांदा दिली, तिसऱ्यांदा खरंच हात मारला आणि मागे उडी घेतली. लहूने घोटा धरला. आता मात्र त्यात जोर होता. मुनीरने सगळं अंग रेघेकडे टाकलं. लहू चिखलातून ओढला गेला, पांढरा शर्ट काळा झाला, गुडघ्यातून कळ थेट डोक्यात गेली, पण त्याने सोडलं नाही. मुनीरचं "कबड्डी, कबड्डी" घोगरं झालं. लोक ओरडायला लागले, आणि आता कोलंबीचं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. "धर, लहू, धर!" हा चंद्रहासचा आवाज होता.

एकेक करून बोटं सुटली. मुनीरचा हात रेघेपलीकडे पडला.

लहू चिखलात पालथा पडला होता. तसाच त्याने उजवा हात वर केला. बाद. कुणाचा हात न धरता तो उठला, लंगडत रेघेबाहेर गेला आणि बाद झालेला खेळाडू बसतो तसा बाजूला मांडी घालायला गेला. मांडी काही जमली नाही, म्हणून पाय लांब करून बसला. थोड्या वेळाने चंद्रहास आला. चांगली पॅन्ट घातलेली, तरी शेजारी चिखलातच बसला. लहूने लांब केलेला पाय जरा सरकवून त्याला जागा दिली.

"अंकल," ज्ञानदा त्याच्यासमोर उकिडवी बसली, "ते... पाय कसा पकडला तुम्ही?"

लहू सांगणार तेवढ्यात त्याचा फोन वाजला. शैलाचा व्हिडिओ कॉल. चिखलाने भरलेलं तोंड बघून ती किंचाळलीच. "अहो, हे काय! मारलं की काय कुणी? काय बोललात स्टेजवर?"

"काही नाही बोललो. बाद झालो."

"म्हणजे?"

"घोटा धरला होता गं. सुटला."

पंचवीस-तीस वर्षांच्या संसारात शैलाने हा चेहरा पाहिला नव्हता. तिने फोन कशाला तरी टेकवून ठेवला आणि पदराला हात पुसत खाली बसली.

"घोटा म्हणजे कसा धरतात?" तिने विचारलं. "आणि तुम्ही कुठे उभे राहायचात?"

लहूने फोन चंद्रहासच्या हातात दिला, ज्ञानदाला समोर उभं केलं, आणि डाव्या कोपऱ्यापासून सांगायला सुरुवात केली.